पाव आण्यावरची उलटी अक्षरं: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुमचे मुद्दे तीन आहेत. 'नाण्यावरची खोल खूण म्हणजे नंतर झालेलं नुकसान' असं मी आधी लिहिलं होतं, पण ब्रॉकेज (टाकसाळीतच उलटी छाप पडलेलं नाणं) तर खोलच असतं. तुमच्या 1940 च्या पाव आण्यावर राजाच्या गालावर उलटी, खोल अक्षरं आहेत आणि वजन 4.8 ग्रॅम भरतंय, तरी मी त्याला एरर (टाकसाळीत छापतानाच झालेली चूक) मानणार नाही का? आणि जुन्या बाजारातून आणलेल्या शिवराईवरचं (मराठ्यांच्या तांब्याच्या नाण्यावरचं) 'श्री' निम्मं बाहेर गेलंय, तीही एरर नाही का?

पहिला मुद्दा सपशेल मान्य. माझं वाक्य ढोबळ होतं. डायला, म्हणजे छापाच्या ठशाला, तडा गेला की त्या फटीत धातू शिरतो, म्हणून नाण्यावर उंच रेघ येते, इतकंच खरं. पण छाप पडताना नाण्याच्या कोऱ्या चकतीवर तार किंवा धातूचा कीस अडकला, तर उमटणारी खूण खोल असते आणि ती टाकसाळीचीच असते. तिचे काठ सपाट असतात. ओरखडा मात्र धातू बाजूला ढकलतो, त्यामुळे त्याच्या कडेला बारीक वरंबा उठतो. दहापट भिंग घ्या, दिवा बाजूने आडवा धरा आणि नाणं कडेला पकडून सावकाश फिरवा. वरंबा असेल तर त्याची सावली पडते.

आता पाव आणा. ब्रॉकेज कसं होतं ते पाहिलं की उत्तर मिळतं. छापलेलं नाणं एका डायलाच चिकटून राहतं आणि पुढची कोरी चकती त्या नाण्यावर ठोकली जाते. त्यामुळे एका बाजूला नेहमीची उंच छाप येते आणि दुसऱ्या बाजूला तीच छाप उलटी, खोल उमटते. म्हणजे खोल, उलटं 'क्वार्टर आणा' असेल तर त्या बाजूला राजा असताच कामा नये, कारण राजाची डाय त्या चकतीला लागलेलीच नसते. तुमच्या वर्णनात राजाही आहे आणि अक्षरंही. ही दोन नाणी व्हाइसमध्ये (घट्ट आवळायच्या पकडीत) एकमेकांवर दाबून केलेली करामत आहे. गालाचा उंच भाग दबून चकचकीत झालाय का, बघा. मागची बाजू स्वच्छ असली तरी भुलू नका. दाबताना तिकडे चामड्याचा तुकडा ठेवतात.

वजनाचं म्हणाल तर दाबल्याने धातू कमी होत नाही, त्यामुळे इथे वजन काहीच सिद्ध करत नाही. ते उपयोगी पडतं रुपयाला. व्हिक्टोरिया राणीचा रुपया 11.66 ग्रॅमचा, दागिन्यातली कडी काढून किनार कानशीने घासली असेल, तर तिथल्या रेघा गेलेल्या दिसतात आणि वजनही घटतं. टाकसाळीतच चकती कापलेली निघाली असेल, तर कापाच्या बरोबर समोरची किनारही बऱ्याचदा पुसट येते. नंतर कोणी कात्रीने कापलं तर तसं होत नाही.

शिवराई हाताने ठोकलेली, कॉलर (छापताना चकतीभोवती असणारं कडं) वगैरे काही नाही. ठसा बहुधा तांब्याच्या तुकड्यापेक्षा मोठा, त्यामुळे 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' यांतलं काही ना काही बाहेर जायचंच. पुण्याच्या अंकुशी रुपयाचंही (अंकुशाची खूण असलेल्या पेशवेकालीन रुपयाचंही) तेच. याला एरर म्हणून जादा पैसे मोजू नका. उलट अक्षरं जितकी पूर्ण, तितकी शिवराई चांगली. आणि ती चिंचेने घासू नका, कृपा करून.

पाव आण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो आडव्या उजेडात काढून पाठवा, एक किनारीचाही. दोन्ही बाजूंना 'क्वार्टर आणा' आणि राजा कुठेच नाही असं निघालं, तर माझं मत मी बदलेन.