शनिवार-रविवारची मुंबई सहल: आपल्या दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला उत्तर

ताई, नमस्कार.

आपण दोन तारे देऊन लिहिलेला अभिप्राय पूर्ण वाचला. सविस्तर लिहिलंत याबद्दल आभार. आपल्या तक्रारी थोडक्यात अशा: दोन दिवसांत फोर्ट, कुलाबा, गिरगाव एवढंच दाखवलं, जुहू, वांद्र्यातले नटांचे बंगले आणि फिल्मसिटी राहून गेली. एसी गाडी न देता लोकल आणि बेस्टने फिरवलं. घारापुरीच्या पायऱ्यांनी सासऱ्यांची दमछाक झाली. मुलांचा अर्धा रविवार संग्रहालयात गेला. जेवण मिळमिळीत होतं. म्हणून निम्मे पैसे परत मागितलेत. उत्तर इथेच देतो, कारण सुट्ट्या जवळ आल्या की कोल्हापुरातली बरीच कुटुंबं हे वाचून ठरवतात आणि त्यांच्या मनातही हेच प्रश्न असतात.

आधी जागांचं बोलू. शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघायचं, शनिवारी सकाळी सीएसएमटीला उतरायचं, रविवारी रात्री तिथूनच परतीची गाडी धरायची. सोमवारी मुलांची शाळा असते. सीएसएमटीपासून जुहू पंचवीसेक किलोमीटर आणि गोरेगावची फिल्मसिटी त्याहून लांब. एकदा तिकडे वळलं की अर्धा दिवस रस्त्यातच गेला म्हणून समजा, आणि रविवारी संध्याकाळी वाहतूक तुंबली तर परतीची गाडी चुकायची धास्ती वेगळी. पोरंबाळं आणि सत्तरीतली माणसं सोबत असताना मी ही जोखीम घेत नाही. नटांच्या बंगल्याचं तर बाहेरून गेटच दिसतं. त्यासाठी वडीलधाऱ्यांना उन्हात फुटपाथवर उभं करणं मला पटत नाही. बुकिंगच्या वेळी आपल्याला जी छापील कार्यक्रमपत्रिका दिली, तिच्यात यातली एकही जागा नव्हती.

लोकल आणि बसबद्दल. फोर्ट भागात टेम्पो ट्रॅव्हलर उभी करायला जागा मिळणं मुश्कील. ड्रायव्हर चकरा मारत राहतो आणि माणसं कोपऱ्यावर ताटकळतात. सीएसएमटीकडून नरिमन पॉइंटच्या बाजूला जायला बेस्टची विजेवर चालणारी डबलडेकर आहे. जुन्या लाल डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या, या नव्या गाड्या वातानुकूलित आहेत. वरच्या मजल्यावर पुढच्या काचेशी बसायला मिळालं की मुलं खाली उतरायला तयार होत नाहीत. लोकलचा प्रवास आम्ही मुद्दाम रविवारी सकाळी ठेवतो, कारण कामाच्या दिवशी त्या गर्दीत मुलांना घेऊन चढायची माझी छाती होत नाही. रविवारी रेल्वेचे मेगाब्लॉक असतात, तेही आदल्या दिवशी बघून घेतो. चर्चगेटहून धीम्या लोकलने महालक्ष्मी स्टेशन, पुलावरून धोबीघाट, तिथून टॅक्सीने महालक्ष्मीचं देऊळ. अंबाबाईच्या गावची माणसं मुंबईत जाऊन महालक्ष्मीचं दर्शन न घेता परतली, तर घरी आजी पहिली विचारते.

घारापुरीबद्दल मला जास्त बोलायचं आहे. ही लेणी आम्ही शनिवारी ठेवतो. गेटवेहून लाँचने साधारण तासभर लागतो. हिवाळ्यात कुरव पक्षी लाँचच्या मागे मागे येतात. कोल्हापूरच्या पुष्कळ मुलांचा समुद्रातला तो पहिला प्रवास असतो. धक्क्यावरून पायथ्यापर्यंत छोटी रेल्वे आहे, पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात. आमच्या मॅनेजरने आपल्या सासऱ्यांना डोलीचं विचारलं होतं, आणि ज्यांना बेटावर यायचं नसेल त्यांच्यासाठी हॉटेलची खोली दिवसभर उघडी ठेवली होती. ते म्हणाले, मी चालतच येणार. बसत, पाणी पीत ते वर आले. त्यांच्या या जिद्दीबद्दल मला आदर आहे. ते दमले हे खरं, पण ते लेणं बघूनच खाली उतरले.

आत सदाशिवाची तीन मुखांची मूर्ती वीसेक फूट उंच आहे, उभ्या डोंगरात कोरलेली. १९८७ पासून ही लेणी जागतिक वारशाच्या यादीत आहेत. फोटोत कितीही वेळा बघितली असली, तरी त्या अंधाऱ्या सभामंडपातून चालत तिच्यासमोर येणं वेगळंच. पायऱ्या आहेत म्हणून हे ठिकाण कार्यक्रमातून काढणार नाही.

आता संग्रहालय. "मुलांना त्यात काय कळणार?" असं आपण विचारलंय, आणि माझं मत नेमकं उलट आहे. सहलीच्या आधी आम्ही प्रत्येक कुटुंबाला सांगतो की मुलांना आपल्या कोल्हापूरच्या टाऊन हॉलच्या संग्रहालयात एकदा घेऊन जा. तिथे पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली रोमन घडणीची, ग्रीक समुद्रदेव पोसायडनची, हातात मावेल एवढी कांस्यमूर्ती आहे. समुद्रापासून इतक्या लांब, सह्याद्रीच्या अलीकडे समुद्रदेव आला कसा? कोकणातल्या बंदरांवर माल उतरायचा आणि घाट चढून वर यायचा, त्या वाटेने. घारापुरीही जुन्या समुद्री व्यापारातलं बंदर. हे माहीत असलेलं मूल लाँचमध्ये बसलं की नुसत्या लाटा मोजत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मग ते सिंधू संस्कृतीच्या वस्तूंपाशी थांबतं, अकबराचं चिलखत शोधतं, भुसा भरलेले प्राणी बघतं. मुलांसाठी तिथे वेगळा विभागही आहे. शिवाय भर दुपारी सावलीत घालवायला यापेक्षा चांगली जागा त्या भागात मला माहीत नाही. इमारत वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांची, गेटवेही त्यांचंच. दोन्ही बघून मोठी मुलं घुमट आणि कमानींची तुलना करतात, हे मी स्वतः ऐकलंय.

आणि मरीन ड्राइव्हला दीड तास "काहीच न करता" बसवलं, असंही आपण लिहिलंय. ताई, संध्याकाळी आपण रंकाळ्यावर जातो तेव्हा तरी काय करतो? बसतो, भेळ खातो, पोरं पळतात. तसंच तेही. दिवसभर चाललेल्या माणसांना ती बैठक लागतेच.

जेवणाचं एवढंच सांगतो, प्रवासात मुलांची आणि वयस्कर मंडळींची पोटं सांभाळायची म्हणून तिखट कमी ठेवतो. तांबडा-पांढरा घरी आल्यावर आहेच. चटणी मागितली तर मिळते.

पैशांचं. कार्यक्रमपत्रिकेतलं एकही ठिकाण वगळलेलं नाही, रेल्वेचं आरक्षण, खोल्या, लाँच, प्रवेश तिकिटं, सगळं ठरल्याप्रमाणे झालं. त्यामुळे निम्मी रक्कम परत करता येणार नाही. हे स्पष्ट सांगताना आपला अनादर करायचा हेतू नाही. ज्यांना पंधरा-वीस ठिकाणं बघायची असतात त्यांना मी आधीच सांगतो की ही सहल तुमच्यासाठी नाही, आणि काही जण तेवढ्यावरून परतही जातात. ते मला चालतं.

आपल्याला जुहू, राणीची बाग, तारांगण हे बघायचंच असेल तर तीन दिवसांची सहल वेगळी आखून देईन. त्यासाठी शुक्रवार, शनिवार, रविवार धरा. राणीची बाग आणि शेजारचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतं, वरळीचं नेहरू तारांगण सोमवारी. राहायची सोय दादरच्या बाजूला करू, म्हणजे दोन्हीकडचं अंतर कमी पडेल. सासऱ्यांना पायऱ्या नकोत तर घारापुरीऐवजी पहिला दिवस राणीच्या बागेत घालवता येईल, तिथले पेंग्विन मुलांनाही आवडतील.

रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं आणि सुट्टीतल्या तारखा पटकन भरतात. शाळेच्या सुट्ट्यांच्या तारखा कळल्या की ऑफिसला या किंवा फोन करा.