बंदोबस्तावरच्या पोलिसाचा सत्कार कसा करावा

गणपतीला गावी निघताना मखर घेतलंत, गौरीला साडी घेतलीत, तसा महामार्गावर उभ्या असलेल्या पोलिसासाठी सत्काराचा संचही घ्या : शाल, श्रीफळ, गुच्छ आणि फ्लेक्स. फ्लेक्सवर फोटो मंडळाच्या अध्यक्षांचा. पोलिसाला ‘खाकीतील देवदूत’ एवढे दोन शब्द पुरे. शाल जाडजूड बघून घ्या. भाद्रपदातल्या घामट उकाड्यात, रेनकोटावरून ती पांघरली की आपल्या भावनांची ऊब थेट पोचते.

वेळ ऐन गर्दीची निवडा. हवालदार पॉइंट सोडून फोटोला येतो तेवढ्या पाच मिनिटांत चारही रस्त्यांच्या गाड्या चौकाच्या मधोमध येऊन एकमेकींची ख्यालीखुशाली विचारू लागतात. होमगार्डला फोटोत घेऊ नका. त्याला पगार नसतो, ड्युटी लागेल त्या दिवसांचं मानधन मिळतं. ते फ्लेक्सवर शोभत नाही. १०८ चा चालक आणि भर पावसात खांबावर चढलेला वायरमन यांनाही वगळा. शाली मोजक्याच आणलेल्या असतात.

एक पथ्य मात्र कडक पाळा : ‘काय हवं-नको?’ असं चुकूनही विचारू नका. कोरडे मोजे, पहाटे तीनला कपभर गरम चहा, असली फोटोत न दिसणारी मागणी यायची. महिला पोलिसाने तर ‘ताई, तुमच्याकडचं शौचालय वापरू का?’ म्हटलं की पंचाईतच. सोय नाही म्हणून त्या दिवसभर पाणीच बेताने पितात. तुमच्या बाटल्या वाचतात. लघवीचा त्रास सुरू होईल तोवर तुम्ही परत मुंबईला पोचलेले असाल.

सत्कार आटोपला की प्रत्यक्ष सेवेला लागा. माणगावच्या बाजारपेठेत मुंबई-गोवा महामार्ग आवळला जातो आणि रांग लागते. तुमच्यासाठी या दिवसांत अवजड वाहनांना बंदी केलेली असते, त्यामुळे समोरून येणारी बाजू अधूनमधून रिकामी दिसते. गाडी उजवीकडे काढा. मागून दहाजण येतीलच. मराठी माणूस या एका बाबतीत दुसऱ्याच्या पाठीशी ठामपणे उभा राहतो. समोरून एसटी आली की काम फत्ते. आता डावीकडे शिरायला फट नाही, कारण तिथे बंपरला बंपर. मागे घ्यायला जागा नाही, कारण मागे ते दहाजण. दुचाक्या साइडपट्टी भरून टाकतात.

हा गुंता पुढून सुटत नाही, ही त्यातली खरी गंमत. सगळ्यांत शेवटची गाडी आधी मागे घ्यावी लागते, मग तिच्या पुढची, मग तिच्या पुढची. म्हणून पोलीस शिट्टी फुंकत, बॉनेटवर थाप मारत, चिखलातून शेपटापर्यंत चालत जातो. तुमच्यापाशी आला की काच दोन बोटं खाली करून म्हणा, ‘साहेब, तुम्ही आहात म्हणून आमचे सण होतात.’ मागे रुग्णवाहिकेचा सायरन वाजत असेल तर घाबरू नका. तिला वाट न दिल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ई मध्ये १०,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. पण पावती करायला पोलिसाचा हात मोकळा लागतो.

घरी कुणाच्या छातीत दुखायला लागलं तर १०८ लावा, ‘लवकर या’ म्हणा आणि ठेवून द्या. गाव सांगितलंत तरी वाडी सांगू नका. गावागावात देऊळवाडी असतेच, शोधतील. वाडीच्या तोंडाशी आडवी लावलेली तुमची गाडी तशीच राहू द्या, चावी खिशात घेऊन भजनाला बसा.

विसर्जनाला मात्र मुहूर्त साधायलाच हवा. गौरी-गणपती अष्टमी-नवमीच्या आसपास जातात, तेव्हा भांगाची भरती, पाण्याला जोर कमी. त्यात जीवरक्षकाची परीक्षा होत नाही. अनंत चतुर्दशी म्हणजे पुनवेची आदली तिथी, समुद्राला उधाण. आपल्या किनाऱ्यावर त्या दिवशी भरती साधारण अकरा-बाराला आणि सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, संध्याकाळी पाच-सहाला. पोलीस पाटील ‘सहाच्या आत आटपा’ म्हणून घसा कोरडा करतील. तुम्ही मिरवणूक दोन तास वाढवा. सुकती संपून पुन्हा भरती लागली की पाणी तिसऱ्या-चौथ्या तासाला सर्वांत झपाट्याने चढतं. नेमके तेव्हाच काळोखात, मूर्ती डोक्यावर घेऊन, छातीभर पाण्यात असायला हवं. शिट्टी वाजली तर ती तालावर आहे असं समजून आणखी चार पावलं आत जा.

आणि मूर्तीचा टेम्पो पुळणीवरून थेट ओल्या वाळूपर्यंत उतरवा. चाक रुतलं की ॲक्सिलरेटर दाबत राहा, म्हणजे तो एक्सलपर्यंत बसेल. मग ११२ लावा. पोलीस ट्रॅक्टर शोधून आणेल. ट्रॅक्टरवाल्याशी भाड्याची घासाघीसही त्यानेच करून द्यावी असा आग्रह धरा, आणि तो दोरखंड बांधायला पाण्यात वाकला की केबिनमधला उरलेला गुच्छ काढा. फोटो काढणाऱ्याला फ्लॅश लावायला सांगा.