‘महिनाभरात घटस्फोट’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय: सुप्रीम कोर्टाने सहा महिन्यांची अट रद्द केली, आता महिनाभरात घटस्फोट मिळतो, जोडीदार तयार नसला तरी अडत नाही, स्टॅम्प पेपरवर नोटरी केली तरी पुरतं, सात वर्षं वेगळे राहिलात तर घटस्फोट आपोआपच. यावर विसंबून लोक पुढचे निर्णय घेतात, म्हणून हे लिहायलाच हवं.

अट रद्द झालेली नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 ब नुसार दोघांच्या संमतीने घटस्फोट मागणाऱ्या अर्जाआधी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्जानंतर सहा महिने थांबायचं आणि अर्जापासून अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा कोर्टासमोर येऊन संमती सांगायची. 2017 मध्ये अमरदीप सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने एवढंच ठरवलं की हे सहा महिने न्यायाधीश माफ करू शकतात. तेही पहिल्या अर्जाआधीच वेगळं राहून दीड वर्ष झालं असेल, समेटाचे प्रयत्न फसले असतील आणि पोटगी, मुलांचा ताबा, देणंघेणं खरोखर मिटलं असेल तर. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. वर्षभर वेगळं राहण्याच्या अटीला त्या निकालाने हात लावलेला नाही. शिवाय घटस्फोटाचा हुकूमनामा (कोर्टाचा अंतिम आदेश) होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. 1991 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून हे पक्कं आहे. दागिने कुणाकडे, फ्लॅटचा हप्ता कोण भरणार, मूल दिवाळीत कुठे, हे मोघम ठेवलं की नेमकं दुसऱ्या तारखेला सगळं फिसकटतं.

जोडीदार तयार नसेल तर क्रूरता, परित्याग असं कारण पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं. समन्स बजावणी, कैफियत (समोरच्याचं लेखी उत्तर), समुपदेशन, सरतपास (आपल्याच बाजूने साक्षीदाराची तपासणी), उलटतपास, मग युक्तिवाद. सहा महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा असं कलम 21 ब म्हणतं, पण प्रत्यक्षात वर्षं जातात. लग्न सावरण्यापलीकडे मोडलं असेल तर एकाची संमती नसतानाही घटस्फोट देता येतो, असं सांगणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या 2023 च्या घटनापीठाच्या निकालाचा दाखला देतात, पण तो अधिकार राज्यघटनेच्या कलम 142 खाली फक्त सुप्रीम कोर्टाचा. कौटुंबिक न्यायालयाला तो नाही आणि पक्षकाराचा तो हक्कही नाही.

नोटरीचा कागद म्हणजे घटस्फोट नव्हे. एखाद्या समाजात काडीमोडाची जुनी रूढी असेल तर कायदा ती मानतो, पण ती कोर्टात सिद्ध करावी लागते. नुसत्या नोटरीवर दुसरं लग्न केलंत तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे कृपा करून गांभीर्याने घ्या.

सात वर्षांचा आकडा बेपत्ता जोडीदारासाठी आहे, आणि तिथेही अर्ज करावाच लागतो. आपोआप काही होत नाही.

मेसेजमध्ये नसलेली, पण सगळ्यात उपयोगी गोष्ट: दावा लांबला तरी हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्च मागता येतो. नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत त्यावर निर्णय व्हावा, असं कायदाच सांगतो. हा अर्ज पहिल्याच तारखेला वकिलाकडून दाखल करून घ्या.