म्हणे एकही झाड तोडणार नाही!

परत आला तो रील. हिरव्यागार जंगलातून सुळकन जाणारी गाडी, खाली कौतुकाचे बदाम. मेक्सिकोची 'ट्रेन माया'. दर आठवड्याला कुणीतरी पाठवतंच आणि दर वेळी माझं डोकं फिरतं.

अरे, तो यूकातान आहे, मेक्सिकोचं द्वीपकल्प! तिथे जमिनीवर नद्या जवळपास नाहीतच. चुनखडीचा पातळ थर, खाली मैलोन्मैल गुहा, त्यांतून वाहणारं काचेसारखं पाणी. छत कोसळलं की सेनोते, म्हणजे आपोआप झालेली विहीर. पिण्याचं पाणी तेच. आणि त्याच पोकळ जमिनीवर रेल्वे!

कान्कुन ते तुलुम हा टप्पा आधी हमरस्त्याला धरून जाणार होता. २०२२ मध्ये उचलून जंगलात घातला. मग काय, हजारो पोलादी खांब गुहेचं छत फोडून थेट पाण्यात. फोटो बघा एकदा: हजारो वर्षं थेंबथेंब साचून झालेले लवणस्तंभ आणि त्यांच्या मधोमध गंजलेला पाइप, आजूबाजूला सांडलेलं काँक्रीट. (ह्याचा रील नाही करत कुणी.)

तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लोपेस ओब्राडोर म्हणाले होते, एकही झाड तोडणार नाही. सरकारी आकड्यांतच लाखो झाडं गेली. कोर्टानं काम थांबवलं तर म्हणे हा राष्ट्रीय सुरक्षेचा प्रकल्प! पर्यटकांची गाडी आणि राष्ट्रीय सुरक्षा? डिसेंबर २०२३ मध्ये गाडीच्या पहिल्या भागाची फीत कापून मोकळे.

वर ग्रुपवर विचारतात, 'जायचं का पुढच्या वर्षी?' जा बाबांनो. मला नका पाठवू.