बायकोच्या नावावर 51 टक्के केले की अमेरिकन सरकारचं काम मिळतं? अजिबात नाही

अमेरिकेतल्या आपल्या मराठी ग्रुप्सवर एक फॉरवर्ड सारखा फिरतोय. थोडक्यात असा की कंपनीचे 51 टक्के बायकोच्या नावावर करा, महिला उद्योजक म्हणून सर्टिफिकेट काढा, फेडरल सरकारला 5 टक्के कोटा भरावाच लागतो म्हणून कामं आपोआप येतात, एखादा अपंग माजी सैनिक कागदोपत्री पार्टनर घेतला तर अजूनच सोपं, आणि एजंट फी घेऊन सगळं करून देतो. यातलं बरंचसं चूक आहे आणि काही तर थेट गुन्हा आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

51 टक्के हा आकडा खराय. पण स्मॉल बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एसबीए, तेवढ्यावर थांबत नाही, कंपनी खरंच कोण चालवतं ते बघतं. सगळ्यात वरचं पद बाईकडे हवं, रोजचे आणि पुढचे मोठे निर्णय तिचे हवेत, आणि कंपनीच्या कामाच्या वेळात ती दुसरीकडे फुल टाइम नोकरी करत असेल तर प्रश्न विचारले जाणारच. आपल्याकडे होतं काय, ऑपरेटिंग ॲग्रीमेंटचा, म्हणजे कंपनी कशी चालवायची याच्या मालकांमधल्या कराराचा, तयार नमुना नेटवरून उतरवतात, त्यात आत कुठेतरी एक ओळ असते की सर्व निर्णय दोन्ही सभासदांच्या संमतीने होतील. वाचताना किती समजूतदार वाटतं, पण याचा अर्थ 49 टक्केवाला नवरा कुठलाही निर्णय अडवू शकतो, मग ताबा बाईचा राहिला कुठे? अर्ज तिथेच अडकतो. अर्ज करायच्या आधी ती ओळ शोधून बघा, प्लीज.

अजून एक गोष्ट फॉरवर्डमध्ये नसतेच. एसबीएला ते 51 टक्के अमेरिकन नागरिक असलेल्या बायकांचे लागतात. ग्रीन कार्ड चालत नाही, एच-4 व्हिसावर ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना, असेल तरी नाही. डब्ल्यूबेंक या महिला उद्योजकांना सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं खासगी सर्टिफिकेट ग्रीन कार्डवर मिळू शकतं, पण त्याचा उपयोग मोठ्या खासगी कंपन्यांचे सप्लायर व्हायला, त्यावर फेडरल सरकारने महिलांच्या कंपन्यांसाठी राखून ठेवलेलं टेंडर भरता येत नाही.

आता कोटा. 5 टक्के हे उद्दिष्ट आहे, 1994 च्या कायद्यातलं, आणि ते पहिल्यांदा गाठायला 2015 साल उजाडलं, मग परत 2019 ला. म्हणजे "भरावाच लागतो" हे कुठून आलं? सर्टिफिकेट असलं की ठराविक क्षेत्रांतल्या राखीव टेंडरला बोली लावता येते, बास. दर परवडणारा हवा, आधी केलेलं काम दाखवता यायला हवं, आणि मिळालेलं काम सगळंच्या सगळं दुसऱ्याला देऊन मोकळंही होता येत नाही. सर्व्हिसेसच्या राखीव कामात मिळालेल्या पैशातला निम्म्याहून जास्त वाटा सर्टिफिकेट नसलेल्या सबकॉन्ट्रॅक्टरकडे जाऊ शकत नाही.

आणि कागदी सैनिकाबद्दल मला खरंच राग येतो. इथे अपंग म्हणजे अमेरिकन सैन्यातल्या सेवेमुळे आलेलं अपंगत्व, सरकारने तसं ठरवलेलं. त्यामुळे भारतीय लष्करातून निवृत्त होऊन मुलांकडे राहायला आलेले काका यात बसत नाहीत, त्यांच्याबद्दल कितीही आदर असला तरी. टक्केवारीची किमान अट मात्र नाही, शून्य टक्के रेटिंग असलं तरी चालतं, त्यामुळे धडधाकट दिसणाऱ्या माणसाकडे बघून "हा कसला अपंग" म्हणणाऱ्यांनीही थांबावं. 2023 पासून ही तपासणी व्हेटरन्स खात्याकडून एसबीएकडे आलीये, आणि मी स्वतःच लिहून देतो की मी पात्र आहे, हा जुना मार्ग आता बंद झालाय. अपंग माजी सैनिकांच्या कंपन्यांसाठीचं उद्दिष्ट 3 वरून 5 टक्क्यांवर गेलंय, त्यामुळे नाव भाड्याने मागणारे वाढणार हे उघड आहे. खोटी माहिती देऊन काम घेतलं तर 5 लाख डॉलरपर्यंत दंड आणि 10 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय सरकारचं नुकसान म्हणून कॉन्ट्रॅक्टची अख्खी रक्कम धरली जाते. सही बायकोची किंवा त्या सैनिकाची असते, म्हणजे अडकतात तेच. ज्या माणसाने सैन्यात शरीर झिजवलं त्याला म्हातारपणी कोर्टात उभं करायचं, आणि ज्याने स्वतःच्या हिमतीवर दुकान उभं केलं त्याचं टेंडर हिसकावायचं, याला शॉर्टकट म्हणायचं?

राहिली एजंटची फी. एसबीएकडे थेट अर्ज फुकट आहे, बायकांचाही आणि माजी सैनिकांचाही. सॅम डॉट गव्हवर, म्हणजे सरकारी कामं घेणाऱ्यांनी जिथे नाव नोंदवायचं त्या सरकारी साइटवर, नोंदणीही फुकट, तरी नोंदणी झाली की सरकारी वाटावेत असे पैसे मागणारे ईमेल येतात, ते खासगी कंपन्यांचे असतात, भरू नका. कागद कोणी तपासून द्यावेत असं वाटत असेल तर एपेक्स ॲक्सेलरेटर नावाची केंद्रं आहेत, पूर्वी त्यांना पीटॅक म्हणायचे, संरक्षण खात्याच्या मदतीवर चालतात आणि सल्ला फुकट किंवा अगदी नाममात्र पैशात देतात. तिथे जाताना वहिनींनी स्वतः जावं, कारण कंपनीबद्दलचे प्रश्न त्यांनाच विचारले जाणार आहेत.