टोगोला हरवून काय दिवे लावले म्हणे!

सकाळी एका मित्राची पोस्ट वाचली. 'डेव्हिस कपचे प्ले-ऑफ बंद करा, टोगोला हरवून आपण काय दिवे लावले?' खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. डेव्हिस कप म्हणजे देशादेशांतली पुरुषांची टेनिस स्पर्धा, आणि प्ले-ऑफ म्हणजे वरच्या गटातली जागा राखायची किंवा मिळवायची पाच सामन्यांची लढत. पोस्ट वाचली तेव्हापासून डोकं फिरलंय.

अरे बाबा, दिवेच लावले! सप्टेंबर 2024 मध्ये स्टॉकहोमला स्वीडनने आपल्याला 4-0 धुतलं, म्हणून फेब्रुवारी 2025 मध्ये दिल्लीत आफ्रिकेतल्या टोगोशी प्ले-ऑफ खेळायची वेळ आली. हरलो असतो तर थेट एक पायरी खाली, जागतिक गट 2 मध्ये. जिंकलो, जागा राखली, आणि सप्टेंबरात बीलला जाऊन स्वित्झर्लंडला 3-1 हरवलं. युरोपात युरोपच्या संघाला आपण त्याआधी हरवलं होतं ते 1993 मध्ये, फ्रान्सला! पहिली एकेरी जिंकणारा दक्षिणेश्वर सुरेश रँकिंगमध्ये सहाशेच्याही पलीकडचा. टोगो नसतं तर बील कुठून आलं असतं?

मला 2010 आठवतं. चेन्नईत ब्राझीलविरुद्ध जागतिक गटाचा, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या गटाचा प्ले-ऑफ. पहिल्या दिवशी आपण 0-2. दादाने टीव्ही बंद केला, 'संपलं' म्हणाला आणि उठून गेला. दुसऱ्या दिवशी पेस-भूपतीने दुहेरी काढली. तिसऱ्या दिवशी सोमदेवसमोर ब्राझीलच्या बेलुचीने अर्ध्यातच सामना सोडला आणि मग बोपण्णाने मेलोला सरळ सेटमध्ये गुंडाळलं. 3-2! तोवर दादा माझ्या शेजारी येऊन बसला होता, रिमोट स्वतःच्या हातात घट्ट धरून. विजेतेपदाच्या फायनलला तो कधी असा बसलेला नाही. फायनल हरलात तरी उपविजेते असता. इथे हरलात की खाली.

आणि खाली म्हणजे कोणीही खाली. अर्जेंटिनाने 2016 मध्ये झाग्रेबला डेव्हिस कप उचलला आणि पुढच्याच सप्टेंबरात अस्तानाला कझाकस्तानकडून हरून जागतिक गटातून बाहेर! फेडररने 2014 मध्ये कप जिंकला, तरी 2015 मध्ये जीनिव्हात नेदरलँड्सविरुद्धच्या प्ले-ऑफला तो उतरलाच. त्याला कमी कामं होती का?

ठीक आहे, खेळाडूंचं वेळापत्रक जीवघेणं असतं, मान्य. पण म्हणून सगळंच छाटायचं? पाच सेटचे तीन केले, तीन दिवसांचे दोन केले. 2010 ची लढत आज झाली असती तर दुहेरीनंतरची ती दुसरी रात्र उरली असती का? त्या रात्रीतच तर संघ सावरला होता. 2019 पासून फायनल्स आधीच ठरवलेल्या शहरांत भरवल्या, आणि यजमान खेळत नसले की स्टँड ओस. घरच्या प्रेक्षकांसमोरची खरी झुंज उरली ती फायनल्सच्या खालच्या लढतींत, आणि तुम्हाला नेमक्या त्याच नकोत.

बरं, टोगोच्या पोरांचं काय? खालच्या गटांतून चढत चढत ती दिल्लीपर्यंत आली. 4-0 हरली, पण आली ना! ज्यांच्या रँकिंगला कोणी ओळखत नाही, त्यांना देशासाठी असं वर चढायला दुसरी वाट आहे का टेनिसमध्ये? ग्रँड स्लॅमचं दार त्यांच्यासाठी कोण उघडणार? हे लिहिताना राग थोडा उतरला खरा.

पण त्या इमोजीवाल्यांनी अर्जेंटिनाचं उत्तर द्यायचं. मगच कमेंटमध्ये भांडायला या. दादा, तूही.