रांग कमी झाली, पण ॲलर्जीचं काय?
हॉस्पिटलमधल्या डिजिटल नोंदींवरच्या लेखात म्हटल्याप्रमाणे आभाचा (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा) क्यूआर स्कॅन केला की केसपेपरची रांग कमी होते, मान्य. पण औषधातली चूक त्याने टळत नाही. ॲलर्जी 'शेरा' रकान्यात टाइप केली किंवा जुना केसपेपर पीडीएफ करून चढवला, तर हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरला ती दिसतच नाही. पेनिसिलिन न चालणाऱ्या पेशंटला ऑगमेंटिन लिहिलं तरी इशारा येईलच असं नाही, कारण त्यातल्या अमॉक्सिसिलिनशी (हे पेनिसिलिनच्याच गटातलं) ब्रँड अनेकदा जोडलेलाच नसतो. ॲलर्जी यादीतूनच निवडावी, स्नोमेड सीटी कोडसह (वैद्यकीय संज्ञांची आंतरराष्ट्रीय कोड-यादी, भारतात मोफत आहे). 'ॲलर्जी नाही' आणि 'विचारलंच नाही' हे पर्याय वेगळे ठेवा. आणि इशारे मोजकेच हवेत! बारीकसारीक गोष्टीला खिडकी उघडली की डॉक्टर न वाचता ओके दाबतात. गंभीर इशारा ओलांडताना मात्र कारण लिहायला लावा.